मागच्या काचेतली गल्ली

या, बसा असे. उभ्यानं गोष्ट ऐकू नये, अर्धी पायांत उतरते आणि तिथंच मुरते. नमनाला घडाभर तेल घालत नाही. एका बाईची गोष्ट सांगतो, जिनं सबंध शहर फक्त निघून जाताना बघितलं, समोरून येताना कधीच नाही. आणि त्या निघून जाणाऱ्या शहरात तिला एक दार शोधायचं होतं. सापडलं का, ते शेवटी. मधेच विचाराल तर मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करीन, आधीच सांगून ठेवतो.

बाईला सगळे भिंग म्हणायचे. खरं नाव होतं, पण ते वापरून वापरून नव्हे, न वापरून झिजलं. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती काचा घासायची. पुढे आरसे, दिवे, गोड बोलणारा मालक. मागे एक फिरतं चाक, त्यावर टिपटिप पडणारं पाणी आणि बाईच्या मनगटापर्यंत पांढरा चिखल. लहानपणी तिला ताप आला होता. ती म्हणायची, "ताप गेला, जाताना पाय घेऊन गेला. सामान विसरणाऱ्यातला नव्हता मेला." तेव्हापासून चाकांची खुर्ची.

आता चाकांच्या खुर्चीनं शहरात हलायचं म्हणजे काय, ते ज्याला हलावं लागतं त्यालाच ठाऊक. बसची पहिली पायरी गुडघ्याएवढी, आणि मागून ढकलणारे सगळे घाईतले. रिक्षात बाई बसायची, खुर्ची बसायची नाही. खुर्ची बसवली तर बाई बाहेर. टॅक्सीवाल्याला चाकं दिसली की एकदम घरचं आजारपण आठवायचं. जमिनीखालच्या रेल्वेला लिफ्ट होती, तिच्यावर 'काम चालू आहे' अशी पाटी होती. पाटी पिवळी पडली, काम काही चालू झालं नाही. फूटपाथचं तर विचारूच नका. एका टोकाला चढायला उतार, दुसऱ्या टोकाला उतरायला नाही. एकदा चढलं की बेटावर अडकल्यासारखं तिथंच राहायचं आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांची वाट बघायची.

राहता राहिली ती लिफ्टची गाडी. आधी फोन करून ठेवायचा, कुठं जायचं, काय काम ते सांगायचं, मग ती मोठी पांढरी गाडी दारात यायची. चालवणाऱ्याला सगळे सबुरी म्हणायचे, कारण त्याच्या तोंडात तोच एक शब्द. पोटानं स्टिअरिंग धरतो की काय असं वाटावं असा माणूस, पण लिफ्टचा खटका असा दाबायचा की बाळाला पाळण्यातून उचलावं.

तर त्या गाडीची एक गंमत होती. लिफ्ट मागच्या बाजूला. खुर्ची पाठीकडून आत घ्यायची, कारण तोंडाकडून घेतली तर माणूस पुढं कलंडतो. आत घेतली की वळवायला जागा नाही. चाकं पट्ट्यांनी जखडायची, झालं. म्हणजे भिंगचं तोंड कायम मागच्या काचेकडे. सगळं जग नाकासमोर बघून चालतं, ही बाई पाठीसमोर बघून चालायची.

आणि काय सांगू, मागच्या काचेतून शहर वेगळंच दिसतं. समोरून येणारी गोष्ट अंगावर येते. मागे जाणारी गोष्ट हळूच सोडून जाते. खांब काचेच्या कडेनं आत शिरायचे, मोठे असताना शिरायचे आणि लहान होत होत रस्त्याच्या टोकाला सुईएवढे होऊन विरघळायचे. झाडं निरोप घेतल्यासारखी मागे सरायची. कुणी बाई गॅलरीत साडी झटकायची, तो झटका पुरा व्हायच्या आत ती बाई, ती गॅलरी, ते घर, सगळं धुरकट व्हायचं. भिंगला वाटायचं, आपल्या पाठीत कुठंतरी रीळ आहे आणि हे शहर आपल्यातूनच उलगडत चाललंय.

एक गोष्ट मात्र टोचायची. सिग्नलला मागच्या गाडीतली माणसं बरोबर तिच्या समोर यायची. नजरेला नजर व्हायची आणि ती लगेच दुसरीकडे बघायची. कुणी आरशात, कुणी फोनमध्ये, कुणी स्वतःच्या नखांत. एकदा एका पाववाल्यानं नुसता हात वर केला होता. त्या हातावर तिचा सबंध दिवस गेला होता.

आता मास्तर. मास्तर गाणं शिकवायचे, मुलांच्या शाळेत. जन्मापासून आंधळे. रोज त्याच गाडीत बसायचे, खुर्चीच्या शेजारच्या बाकावर, तोंड पुढे करून. म्हणजे दोघांचे डावे खांदे शेजारी आणि तोंडं विरुद्ध दिशांना. जिन्यात चढणारा आणि उतरणारा क्षणभर एकमेकांपाशी थांबावेत, तसे हे दोघं वर्षानुवर्षं थांबलेले.

पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, "बाई, तुम्हाला डोळे आहेत असं ऐकलं."

"आहेत. दोन्ही."

"मग एक माझ्यासाठी वापरा. आंधळा मागतो एक डोळा, म्हणतात ना."

"आणि देव देतो दोन. पण मी देव नाही, मी काचा घासते. एकच देईन."

झालं. तेव्हापासून भिंग बघायची आणि बोलायची, मास्तर ऐकायचे. गाडीचं इंजिन ज्या सुरात घुमायचं त्या सुरात ते बारीक आवाज लावायचे. गिअर बदलला की सूर बदलायचा. वर सूर, खाली शहर. "उजवीकडे पाण्याची टाकी गेली, तिच्यावर कावळे बसलेत, जाहीर सभा आहे. डावीकडे घोड्यावरचा पुतळा, घोड्याला शेपूट नाही. आता उजवीकडे, मास्तर, ती गल्ली."

ती गल्ली म्हणजे भिंगचा जीव की प्राण. तिथं रस्ता जरासा वळायचा आणि वळताना ती गल्ली तिरकी होऊन काचेत यायची. वर वर चढत गेलेली, वरपर्यंत ओली, मधून उजेडाचा पट्टा खाली वाहत आलेला. तोंडाशी एक झाड, त्याची बारीक जांभळी फुलं कायम पडत असायची. निळ्या खिडक्या. भिंग ती बघायची चार श्वास, फार तर पाच. मग गल्ली लहान होत जायची, चिमटीएवढी व्हायची, पापणीएवढी व्हायची. "गेली," ती म्हणायची. मास्तर सूर सोडायचे आणि म्हणायचे, "उद्या येईल."

रात्री स्वप्नात ती गल्ली जायच्या ऐवजी यायची. भिंग अंथरुणात पडल्या पडल्या फुलांखालून वर चढायची, पायांनी नाही, चाकांनी पण नाही, नुसती वर वर.

मग एक दिवस मास्तरांच्या घरमालकानं घर पाडायला काढलं. मास्तरांनी शाळेच्या कारकुनाला बरोबर घेतलं आणि नवी जागा शोधली. शाळेपासून काठीनं चालत जाता येईल इतक्या जवळ. म्हणजे आता गाडी नको. शेवटच्या दिवशी गाडीत ते बराच वेळ सूर लावून बसले आणि मग म्हणाले, "बाई, खोली कुठं घेतली सांगू? तुमच्या गल्लीत."

भिंगनं काचेवरची नजर काढली नाही. "कुठल्या?"

"फुलं पडतात त्या. सरळ आत, शेवटचं दार. कारकुनाला म्हटलं, पाण्याच्या टाकीनंतर वळणावर उजवीकडची. पत्ता तुम्हाला कशाला सांगायचा, तुम्हीच तर मला दिलात." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "दोन खोल्या आहेत. एकटा माणूस दोन खोल्या का घेतो, ते तुम्हाला कळतं. या एकदा. घर बघा, मग काय ते सांगा. नाही म्हणालात तर दुसऱ्या खोलीत पेटी ठेवीन."

गाडी थांबली. मास्तर उतरले. दुसऱ्या दिवसापासून शेजारचा बाक रिकामा. भिंग बघायची, पण सांगायला कुणी नाही. आणि न सांगता बघितलेलं शहर, तुम्हाला सांगतो, निम्मंच दिसतं. गल्ली यायची, ओली, चमकणारी. ती डोळे फाडून बघायची की शेवटच्या दाराशी कुणी दिसतंय का. पण तोवर सगळं पापणीएवढं.

घरी थोरली बहीण होती. तिच्याच घरी भिंग राहायची. ताई कांदा चिरता चिरता म्हणाली, "आंधळ्या-पांगळ्याची गोष्ट शाळेत वाचली होती. तू ती संसारात करून दाखवणार म्हण की."

"त्या गोष्टीत दोघं पोहोचतात, ताई."

"गोष्टीत पोहोचतात. दूध उतू गेलं तर त्याला दिसणार नाही, तुझा हात पोहोचणार नाही."

"त्याला वास येईल. मला ओरडता येईल."

ताईनं सुरी खाली ठेवली. डोळे पुसले, कांदाच असेल. "तुझ्या भावोजींना सांगून ठेवते. नको झालं तर परत ये. पण एक बघ. घरात तुझी खुर्ची शिरते का, ते आधी बघ. माणूस कितीही चांगला असला तरी दार अरुंद असलं तर काय कामाचा. आणि दुरून डोंगर साजरे असतात, एवढं ध्यानात ठेव."

भिंगनं गाडीसाठी फोन केला. तिकडून विचारलं, "काम काय? दवाखाना, नोकरी, बँक?"

"घर बघायचंय."

"भाड्यानं?"

"नाही. कायमचं."

सुट्टीचा दिवस, दुपार कललेली. रस्ता निवांत होता, ऊन मधासारखं जाड झालं होतं. सबुरीनं तिला आत घेतलं, पट्टे आवळले. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती आणि हात इतके घासले होते की पांढरा चिखल नखांतूनसुद्धा गेला होता. टाकी गेली, पुतळा गेला. मग वळणावर गाडी थांबली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती गल्ली काचेत आली आणि लहान झालीच नाही. तिथंच राहिली. भिंगला वाटलं आपल्याला झोप लागली असणार.

लिफ्ट खाली आली. खुर्ची रस्त्याला टेकली. झाड होतं, फुलं होती. निळ्या खिडक्या होत्या, रंगाचे पोपडे निघालेल्या, पण निळ्याच. आणि तो चढ...

सबुरी तिच्या शेजारी उभा राहिला. घसा खाकरला. "पायऱ्या दिसतात हो, बाई."

पायऱ्याच होत्या. खालपासून वरपर्यंत. दगडी, झिजलेल्या, ओल्या. वरच्या एका दारातून कुणीतरी बादली ओतली, पाणी पायरी पायरी उड्या मारत खाली आलं आणि उन्हात चमकलं. हाच तो उजेडाचा पट्टा. लांबून, धुळकट काचेतून, चार श्वासांत बघितलं की पायऱ्यांचासुद्धा उतार दिसतो. काचा घासण्यात जन्म गेला आणि आपल्याच डोळ्यांना नंबर लागलाय हे बाईला कळलं नव्हतं.

"मास्तर येतील खाली," भिंग म्हणाली. "तुम्ही निघा. पुढची फेरी आहे ना, ते दवाखान्यातले आजोबा खोळंबले असतील."

"थांबतो की जरा. सबुरीनं घ्या."

"जा हो."

तो गेला. आज गाडी तिच्या डोळ्यांसमोर लहान लहान होत गेली आणि मागे राहिली ती भिंग.

एक बाई कपड्यांचं गाठोडं घेऊन पायऱ्या उतरत होती. भिंगनं विचारलं, "वर शेवटच्या दारात गाण्याचे मास्तर राहायला आलेत का हो?"

"गाण्याचे? इथं सगळे भांडणाचे मास्तर राहतात," ती बाई म्हणाली. "शेवटचं दार बंदच असतं. कुणी आलं असेल तर आम्हाला न विचारता आलं असेल." आणि गेली.

भिंग झाडाखाली बसून राहिली. मांडीवर फुलं पडत होती. फोन होता पिशवीत. पण फोन करून विचारायचं काय? मास्तर, एवढ्या पायऱ्यांवर घर का घेतलंत, असं? आंधळ्या माणसाला पायरी दिसत नाही, पण पायाला तर कळते. रोज चढतो, रोज उतरतो. चढताना एकदाही चाकांची आठवण झाली नसेल, तर तो माणूस शेजारी बसून आपला आवाज ऐकत होता, खुर्ची कधी ऐकलीच नाही त्यानं. पट्ट्यांचा खटका, ब्रेकचं कुरकुरणं, सगळं त्याच्या कानावरून गेलं. दोन खोल्या घेतल्या म्हणे. एकीत पेटी ठेवा, मास्तर.

तिनं एक फूल उचललं. हातात घेतल्यावर ते जांभळं नव्हतंच, राखाडीच जास्त होतं. तिनं ते पुन्हा खाली टाकलं. सगळं फार शांत होतं. पाणी उड्या मारत येत होतं आणि तिच्या चाकांपाशी येऊन थांबत होतं, पुढं काय करायचं ते ठाऊक नसल्यासारखं.

आणि तेव्हा तिच्या पाठीमागून सूर आला.

लांब, सरळ, एकच सूर. दुसऱ्या गिअरचा. भिंगला तो झोपेतसुद्धा ओळखू आला असता. पण तो यायला हवा होता वरून, समोरून, गल्लीतून. येत होता पाठीमागून, रस्त्यापलीकडून.

ती हलली नाही. आयुष्यभर जे मागे होतं ते तिनं बघितलं होतं. आज पहिल्यांदा मागे काय आहे ते तिला दिसत नव्हतं. मग तिनं एक चाक पुढे ढकललं, एक मागे ओढलं आणि खुर्ची सावकाश फिरवली.

रस्त्यापलीकडे, वळणाच्या पोटात, आणखी एक गल्ली होती. गाडीच्या काचेत ती कधी आलीच नव्हती, वळण तिला झाकून टाकायचं. तोंडाशी टायरांची चळत, माणसाहून उंच. काळी जमीन, काळ्या भिंती, पंक्चरची टोपली, रबराचा वास. गल्ली सपाट, हाताच्या तळव्यासारखी. आणि शेवटी, अगदी समोर, एक उघडं दार.

भिंगनं गाडी गेली त्या दिशेला तोंड केलं आणि उजवा हात उचलला. आत्ता तो टायरांच्या बाजूला होता. गाडीत पाठमोरी बसायची तेव्हा हाच हात फुलांच्या बाजूला असायचा. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती मागे तोंड करून बसायची; मास्तर पुढे. तिचं उजवं ते त्यांचं डावं. एवढ्या वर्षांत तिनं त्यांना सगळं शहर दिलं होतं आणि सगळंच्या सगळं उलटं दिलं होतं. टाकी, पुतळा, कावळ्यांची सभा, सगळं चुकीच्या बाजूला. आणि तो भला माणूस त्या उलट्या शहरात जाऊन घर करून बसला होता, फुलांची वाट बघत, टायरांच्या गल्लीत.

मधे रस्ता होता. सुट्टीचा असला तरी रस्ताच तो. दोन गाड्या गेल्या, एक थांबल्यासारखी करून गेली. पलीकडचा फूटपाथ विटेएवढा उंच. पलीकडे टायरच्या चळतीपाशी एक धिप्पाड बाई बसली होती, हात कोपरापर्यंत काळे. तिनं भिंगकडे बघितलं. नजर काढून घेतली नाही. मग उठली, ट्रकचं एक टायर उभं केलं आणि ते घरंगळवत रस्त्याच्या मधोमध आणून आडवं टाकलं. त्यावर दुसरं. एक मोटारवाला थांबला, काच खाली केली.

"काय चाललंय?"

"टायर वाळत घातलेत," ती म्हणाली. "घाई असेल तर वरून जा."

मग भिंगपाशी आली. "मास्तरांची ना तुम्ही?"

"अजून नाही."

"मग चला, उशीर करू नका. रोज विचारतात मला, वहिनी, एक खुर्ची येईल, दिसली का. चाकाचं गिऱ्हाईक मला दिसणार नाही तर कुणाला दिसणार." तिनं ट्रकची चाकं चढवायची जाड फळी फूटपाथला लावली आणि खुर्ची अशी वर घेतली की भिंगचा पदरसुद्धा हलला नाही. "एवढा वेळ तिकडं झाडाखाली काय करत होता?"

"चुकीच्या गल्लीत होते."

"ती गल्ली बघायलाच बरी," वहिनी म्हणाली. "तिथले लोक गुडघे दुखायला लागले की इकडं खोली विचारायला येतात."

सूर थांबला. चाकांचा आवाज ऐकू गेला असणार. दारात मास्तर उभे राहिले, इस्त्रीचा सदरा, बटण एक घर चुकलेलं.

"ब्रेक कुरकुरतोय अजून," ते म्हणाले. "तेल घालायला सांगितलं होतं सबुरीला."

भिंगनं ब्रेकवर हात ठेवला. ऐकला होता. ब्रेकसुद्धा ऐकला होता.

दारापाशी आली तर उंबरा नाही. जिथं उंबरा असतो तिथं खरवडलेली जागा, आणि त्यावर जुन्या टायरांचा कापून बसवलेला पट्टा, बाहेरून आत अलगद चढणारा. चाक त्यावरून गेलं, आवाजसुद्धा झाला नाही.

"उंबरा मी काढला," मास्तर म्हणाले. "छिन्नी वहिनींची. बोटं माझी, दोन चेचली. हात टेकून टेकून सगळी जमीन बघितलीय, कुठं उंचवटा नाही. दार तुमच्या खुर्चीएवढं आहे. गाडीत तुमच्या चाकाला हात लागायचा, तेवढं माप लक्षात होतं." मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "फुलं मात्र पडत नाहीत हो. रोज सकाळी दारात हात फिरवून बघतो. म्हटलं, दिवस नसतील फुलांचे. चढही पायाला लागत नाही, म्हटलं काचेतून तसा दिसत असेल. आणि हा रबराचा वास तुम्ही कधी सांगितला नाहीत. गाडीची काच बंद असायची, तेही खरं."

आता इथं, बघा, गप्प बसता आलं असतं. आंधळ्या माणसाला फुलं पडतात म्हणून सांगायला काय लागतं? झाडाखालची चार अजून तिच्या मांडीवर होती. पण भिंगनं आयुष्यात नंबर चुकवून काच दिली नव्हती.

"मास्तर," ती म्हणाली, "ही ती गल्ली नाही."

आणि तिनं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, त्यांना आपल्यासमोर बसवलं आणि दाखवलं. हा माझा उजवा. हा तुमचा उजवा. बघा कुठं जातात. दोन हात हवेत एकमेकांविरुद्ध गेले.

मास्तरांनी ते दोन हात पुन्हा एकदा तसेच फिरवून बघितले. मग हळूच म्हणाले, "टाकी?"

"टाकी पण पलीकडे."

"घोडा?"

"घोडा अलीकडे."

"बिनशेपटीचाच ना? की तेही..."

"शेपूट नाहीच. तेवढं खरं."

ते डोळे मिटून बसले. त्यांच्या डोळ्यांना मिटलं काय, उघडं काय, पण मिटले. भिंगला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की आत शहर फिरतंय. टाकी कावळ्यांसकट उठून रस्ता ओलांडतेय. घोडा चौथऱ्यावरून उतरून पलीकडे चाललाय, झाडं मुळं गोळा करून त्याच्या मागून, गॅलरीतल्या बायका साड्या झटकत, खांब एकेक पाऊल टाकत. कुणाला घाई नाही, कुणी कुणाला धडकत नाही. सगळे आपापल्या जागी जाऊन उभे राहिले तेव्हा मास्तरांनी श्वास सोडला.

"बरं," ते म्हणाले. "झालं. आता तिकडची खोली बघू. कारकुनाला पाठवतो उद्याच. तुम्हाला ती गल्ली हवी होती."

"तिला पायऱ्या आहेत, मास्तर. खालपासून वरपर्यंत."

"पायऱ्या? तुम्ही तर चढ म्हणाला होता."

"मला चढ दिसला होता."

मग त्यांच्या पोटातून काहीतरी वर येऊ लागलं, आणि ते हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. भिंगला आधी राग आला, मग तीही हसायला लागली. बाहेरून वहिनी ओरडली, "काय झालं हो?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. "चुकून बरोबर आलोय."

हसणं संपलं. मास्तरांनी सदऱ्याच्या बटणाला हात लावला, चुकल्याचं कळलं, तसंच ठेवलं. "मग पेटी कुठल्या खोलीत ठेवू?" त्यांनी विचारलं. आवाज साधाच होता, पण सूर हलत होता. एवढ्या वर्षांत भिंगनं तो हलताना ऐकला नव्हता.

भिंगनं खुर्ची फिरवली आणि दारात येऊन बसली, तोंड बाहेर करून. सपाट काळी गल्ली तिच्या पायांपासून निघून रस्त्यापर्यंत गेली होती. रस्त्यापलीकडे, टायरांच्या दोन चळतींच्या मधोमध, चौकटीत बसवल्यासारखी, ती गल्ली होती. ओली, वर वर चढत गेलेली. कुणीतरी बादली ओतली, उजेड खाली वाहत आला. एवढ्या लांबून फुलं पुन्हा जांभळी झाली होती. ती थांबली. चार श्वास, पाच, मग तिनं मोजायचं सोडून दिलं. गल्ली लहान झाली नाही.

"पेटी बाहेरच्या खोलीत ठेवा," ती म्हणाली. "आणि इकडं या, शेजारी बसा. सांगते. उजवीकडे टायर, डावीकडे टायर, मधे..."

"कुणाच्या उजवीकडे?" मास्तरांनी विचारलं.

"आता दोघांचं तोंड एकीकडे आहे, मास्तर. आता एकच उजवं."

संध्याकाळी सबुरी आला तेव्हा दोघं तशीच दारात बसली होती. त्यानं लिफ्ट खाली केली आणि म्हणाला, "मग उद्यापासून गाडी कुठं आणू, तेवढं सांगा. इथं आत येते बरं का, मोजून घेतलीय."

तेव्हापासून ती पांढरी गाडी टायरांच्या गल्लीत येते. मास्तरांना शाळा चालत जाण्याइतकी जवळ, तरी ते गाडीत बसतात. भिंगला दुकानात सोडून मग परत शाळेत येतात. सबुरी म्हणतो, हा उलटा कारभार आहे. मास्तर म्हणतात, उलट्याची आम्हाला सवय आहे. ताई अधूनमधून येते, दूध स्वतः तापवते आणि गेल्यावर जमीन कशी गुळगुळीत आहे ते शेजारणींना सांगते.

तर आता माझं एक काम करा. कधी तुम्ही गाडी चालवत असाल आणि पुढं एक मोठी पांढरी गाडी असेल, लिफ्टची, आणि तिच्या मागच्या काचेतून एक बाई सरळ तुमच्याकडे बघत असेल, तर नखांत बघू नका. हात वर करा. ती शेजारच्याला सांगेल की कुणीतरी हात केला, आणि कुठल्या बाजूनं तेही आता बरोबर सांगेल. आणि गाडी हळू चाललीय म्हणून हॉर्न तेवढा वाजवू नका. आत सूर लागलेला असतो.